वसई : बंदर आणि त्यामागचा मुलूख

(अंबाडी, तालुका भिवंडी येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अंबाडीहून पश्चिमेला जाणारा रस्ता वज्रेश्वरीवरून पुढे शिरसाडला अहमदाबादचा महामार्ग गाठतो आणि तेथून विरार-वसईच्या सखल पट्टीत उतरतो. या तालुक्यातील माणसे त्या रस्त्याने वज्रेश्वरीपर्यंत जातात. देवीचे दर्शन होते, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत स्नान होते आणि यात्रेकरू परत फिरतो. देवीचे हे देऊळ चिमाजी आप्पांच्या नवसाचे आहे आणि तो नवस वसई जिंकण्यासाठी बोललेला होता, ही कथा सर्वांना पाठ असते. परंतु ती वसई म्हणजे नेमके काय होते, तिच्यावर राज्य करण्यासाठी गुजरातचा सुलतान, पोर्तुगालचा राजा, पुण्याचा पेशवा आणि लंडनची कंपनी यांनी आपापल्या परीने जिवाचे रान का केले, हा प्रश्न नवसाच्या कथेत येत नाही. त्याचे उत्तर भूगोलात आहे आणि त्या भूगोलाचा एक मोठा भाग खुद्द भिवंडी तालुक्यात पडतो.

वसई आज आगगाडीच्या मार्गावरचे एक उपनगर वाटते. वस्तुतः ते एक बेट होते. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला उल्हास नदीच्या मुखाशी पसरलेली वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख आणि पूर्वेला या दोन्ही पाण्यांना जोडणारी सोपाऱ्याची अरुंद खाडी. या पूर्वेकडच्या खाडीत पुढे गाळ साचला, खाजणे बांधून काढली गेली, मिठागरे झाली आणि बेट जमिनीला चिकटले. भिवंडी शहराजवळून वाहणारी कामवारी खाडीमार्गे वसईच्या दक्षिण अंगाला जाते. अंबाडीच्या परिसरातून वाहणारी तानसा वैतरणेला मिळून उत्तर अंगाला जाते. म्हणजे या एका तालुक्याचे पाणी त्या बेटाला दोन्ही बाजूंनी कवेत घेते. रस्ते नव्हते त्या काळी पाण्याच्या याच वाटेने सह्याद्रीच्या पायथ्याचे सागवान, बांबू, धान्य आणि घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरलेले कापड समुद्राला मिळत असे. बंदर हे नुसत्या समुद्राचे अपत्य नसते. त्याच्या पाठीशी मुलूख लागतो आणि त्या मुलखात राबणारी माणसे लागतात.

या बेटावरचे सर्वांत जुने बंदर वसई नसून सोपारा होय. महाभारतातील शूर्पारक ते हेच. बौद्ध कथांत सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण याची कथा आहे. तो समुद्रपर्यटने करून श्रीमंत झाला आणि पुढे भिक्षू झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली. तिच्यात भडोचच्या दक्षिणेस 'सुप्पारा' आणि 'कल्लियेना', म्हणजे आपले सोपारा आणि कल्याण, ही नावे येतात. त्याच पुस्तिकेत एक तक्रारही नोंदलेली आहे. कल्याण हे पूर्वी खुले बंदर होते, परंतु राजवट बदलल्यावर तेथे चुकून लागलेली ग्रीक जहाजेसुद्धा पहारा बसवून भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीही कोणत्या बंदरात कोणाचा माल उतरावा हे वाऱ्यावर आणि भरतीवर जेवढे अवलंबून होते तेवढेच राजसत्तेच्या भांडणावर अवलंबून होते, हे यावरून दिसते.

मात्र त्या काळची अधिक मोलाची माहिती परक्या खलाशांच्या पुस्तकात नाही, ती येथल्याच डोंगरांच्या पोटात कोरलेली आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावे आहेत, आणि त्यांत सावकार-व्यापाऱ्यांबरोबर कल्याणचा एक लोहारही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या एका भिक्षूचे नाव एका खांबावर आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या, दमणगंगा, तापी, डहाणूच्या नदीसारख्या पाण्यांवर उतारूंसाठी फुकट नावा ठेवल्या, असे त्यात नमूद आहे. त्याच्याच दुसऱ्या लेखात भिक्षूंच्या वस्त्रांसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २००० आणि १००० कार्षापणे कायम ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. पहिल्या ठेवीवर दरमहा शेकडा एक आणि दुसरीवर पाऊण असा व्याजाचा दर ठरला होता. राजाचा जावई विणकरांच्या संघटनेकडे पैसा ठेव म्हणून ठेवतो, म्हणजे त्या संघटनेची पत राजाच्या तिजोरीइतकी भरवशाची मानली जात होती! ज्या भिवंडीत आज यंत्रमागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला उसने दोनशे रुपये मिळताना मालकाच्या तोंडाकडे पाहावे लागते, त्या भिवंडीतल्या कार्यकर्त्याने हा लेख एकदा नाशिकला जाऊन पाहून यावा.

सोपाऱ्याचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. ज्या टेकाडाखाली स्तूप सापडला त्याला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बौद्ध वास्तूची आठवण पुसली गेल्यावर लोकांनी त्या ढिगाला टोपल्या विणणाऱ्या बुरुडाचे नाव द्यावे, हा योगायोग असेल. पण मोठा बोलका योगायोग आहे. स्तूपाच्या गाभ्यात दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा, रुप्याचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा असे एकात एक करंडक, सोन्याची फुले, ब्राँझच्या बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे रुप्याचे नाणे निघाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला मिळाला. आठव्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी यात्रा काढीत. अशोकाने त्या बंद करून धर्मयात्रा सुरू केल्या, ज्यांत वृद्धांची विचारपूस आणि जनपदातल्या सामान्य लोकांच्या भेटी हा मुख्य कार्यक्रम असे. पक्षाच्या ज्या शाखा वर्षातून एकदा सहल काढतात त्यांना हे वाचून थोडे ओशाळल्यासारखे व्हायला हरकत नाही.

सोपाऱ्याची खाडी मावळत गेली आणि बेटाच्या दक्षिण टोकाला, मोठ्या खाडीच्या तोंडाशी असलेली वसई पुढे आली. मोगल बादशहा हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादुरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्या बेटांत मुंबईही होती, हे मुंबईकरांना सांगावे लागते. पुढची दोनशे वर्षे वसई ही पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी होती. गोव्याखालोखाल तिचा मान होता. येथे जहाजे बांधली जात. येथला काळा दगड गोव्यापर्यंत जाई. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागावरचे कोरीव काम वसईच्या दगडात आहे. सागवानासाठी पोर्तुगीजांनी आतल्या मुलखातला अशेरीचा डोंगर ताब्यात ठेवला होता. किल्ल्याच्या तटाआड मठ, चर्चे, न्यायालय, तुरुंग, इस्पितळ आणि उमरावांच्या हवेल्या उभ्या राहिल्या.

या वैभवाचा ताळेबंद मांडताना एक खाते नेहमी कोरे ठेवले जाते. पोर्तुगीज सरकारने गावेच्या गावे आपल्या उमरावांना आणि मठांना वहिवाटीस दिली. त्या गावांतला कुणबी जमिनीबरोबरच दिला जाई. तो गाव सोडून जाऊ शकत नसे. नावाने शेतकरी, व्यवहारात वेठीचा गुलाम. याशिवाय विकत घेतलेले गुलाम होते ते वेगळेच. पुढे राजवटी बदलल्या, पण ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांवरची वेठ बदलली नाही. लग्नासाठी काढलेल्या चार पैशांच्या कर्जापोटी पिढ्यान् पिढ्या मालकाच्या घरी राबणारी माणसे या परिसरात विसाव्या शतकातही होती. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, आणि तो कायदा कागदावरून पाड्यावर आणण्यासाठी ऐंशीच्या दशकात वसई-भिवंडीच्या सीमेवर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांपैकी काही जण आज वृद्ध होऊन याच भागात राहत आहेत. वसईच्या तटबंदीचा इतिहास १७३९ साली संपत नाही, तो असा.

आता १७३९ विषयी. चिमाजी आप्पांचा पराक्रम वादातीत आहे. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, चौथ्या बाजूला वाळूचे उघडे मैदान आणि त्यावर रोखलेल्या तोफा, अशा किल्ल्यापर्यंत खंदक खणत जाणे, बुरुजाखाली सुरुंग पेरणे आणि तीन महिने रेटा कायम ठेवणे हे सोपे काम नव्हते. सेंट सेबॅस्टियन बुरुज सुरुंगाने उडाला आणि मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. तथापि शाळेतल्या पुस्तकात ही कथा पुण्याहून सुरू होते, ती वास्तविक भिवंडी तालुक्यातून सुरू व्हायला हवी. खाडीकाठच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे बंधू यांनी पोर्तुगीजांच्या धार्मिक जुलमाविरुद्ध पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घातले, साष्टीतल्या लोकांत गुप्तपणे संधान बांधले, वाटाडे, नावा आणि बातम्या पुरवल्या. १७३७ साली ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या हाती आली ती या तयारीमुळे. मोहिमेचे श्रेय सेनापतीला मिळणे स्वाभाविक आहे. परंतु मुलूख आधी मनाने उठलेला नसता तर नुसत्या फौजेला खाडी ओलांडता आली नसती.

तहाच्या अटीही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पोर्तुगीज फौजेला शस्त्रे व निशाणे घेऊन सन्मानाने जाऊ दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली. जुलूम करणारी सत्ता आणि त्या सत्तेच्या काळात धर्म बदललेली रयत यांत फरक करण्याचे शहाणपण त्या वेळच्या मराठी राजकारणाला होते. म्हणूनच आज वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती समाज नांदतो आहे, घरात कादोडीसारखी मराठीचीच बोली बोलतो आहे, केळीच्या बागा आणि पानमळे राखतो आहे. वसईच्या विजयाची आठवण आजच्या एखाद्या शेजाऱ्याविरुद्ध वापरू पाहणाऱ्यांना या अटी वाचून दाखवाव्यात.

विजयाची एक खूण मात्र महाराष्ट्रभर विखुरली. वसईच्या चर्चांच्या घंटा मराठे सरदारांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. अशोकाचा लेख मुंबईच्या संग्रहालयात, स्तूपातले करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे, दगड गोव्यात, घंटा देशावर. बंदर पडते तेव्हा त्याचे अवयव असे वाटले जातात.

मराठ्यांनी वसई घेतली, पण बंदर म्हणून ती पुन्हा उभी राहिली नाही. कारण दक्षिणेला एक दुसरे बेट वाढत होते. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण दिली आणि १६६८ साली वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्याने ती कंपनीकडे गेली. वसईच्या ताब्यातले एक बेट वसईलाच गिळून बसले. १७८० साली इंग्रजांनी वसई जिंकली, सालबाईच्या तहानंतर ती परत दिली, आणि शेवटी ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच गावी कंपनीशी तह करून सहा हजार कवायती पायदळ आपल्या खर्चाने पदरी घेतले. त्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. चिमाजींनी जेथे परकी सत्ता उखडली तेथेच त्रेसष्ट वर्षांनी त्यांच्या घराण्यातील पुरुषाने दुसरीला सही करून दिली. १८६४ साली आगगाडी खाडीपलीकडे आली आणि माल गलबतात भरण्याची गरजच राहिली नाही.

अशा नशिबाचे गाव एकटे वसईच नव्हे. ग्रीसमध्ये सिरोस नावाच्या बेटावर एर्मूपोली हे बंदर आहे. तुर्की सत्तेविरुद्ध १८२१ साली स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा खिओससारख्या बेटांवरच्या कत्तलींतून वाचलेल्या निर्वासितांनी ते वसवले आणि व्यापाराचा देव हर्मिस याचे नाव त्याला दिले. वरच्या टेकडीवर व्हेनिसच्या काळापासूनची कॅथलिक वस्ती, खाली बंदराशी ऑर्थोडॉक्स निर्वासितांची नवी वस्ती. दोघे शेजारी राहिले. एका पिढीत ते ग्रीसचे पहिले बंदर झाले. तेथे जहाजबांधणी, कातडी कमावण्याचे कारखाने, संगमरवरी चौक, भव्य नगरभवन आणि नाटकगृह उभे राहिले. आणि १८७९ साली तेथल्या जहाजबांधणी व चर्मोद्योगातील कामगारांनी संप केला, जो ग्रीसमधल्या पहिल्या संपांत गणला जातो. पुढे वाफेची जहाजे आली, अथेन्सला लागून असलेले पिरीयस वाढले आणि एर्मूपोली मागे पडले. वसईला मुंबई भोवली तसे त्याला पिरीयस भोवले. परंतु तेथे नगरभवनाबरोबर जुन्या कारखान्यांची यंत्रेही संग्रहालयात जतन केलेली आहेत. वसईत जहाज बांधणाऱ्या सुताराचे अवजार कोठे पाहायला मिळेल?

किल्ल्यात काय पाहावे? वसई रोड स्थानकावरून पश्चिमेला, गावातून पारनाक्यावरून वाट किल्ल्याकडे जाते. तट बराचसा शाबूत आहे, आतले गाव मात्र झाडीत हरवले आहे. सेंट जोसेफच्या चर्चचा उंच मनोरा दुरूनच दिसतो. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये जमिनीवर उमरावांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवरची नावे व घराण्यांची चिन्हे अजून वाचता येतात. गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला. जपानमध्ये नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याला वधस्तंभावर चढवले आणि १८६२ साली पोपने त्याला संत घोषित केले. त्याच्या नावाचे चर्चही किल्ल्यात आहे. मराठ्यांच्या काळातली नागेश्वराची आणि वज्रेश्वरीची देवळे, चिमाजी आप्पांचे स्मारक हेही आतच. समुद्राकडच्या दरवाजाने बाहेर पडले की किल्लाबंदर आणि पाचूबंदरचे कोळीवाडे लागतात. बोंबील वाळत घातलेल्या वलांडी, डोलीची जाळी विणणारे हात आणि होड्या. राजधानी गेली, बंदर गेले, पण ज्यांच्या होड्यांवर ते उभे होते ते तेथेच आहेत.

या बेटाचे आजचे दुखणे पाण्याचे आहे. ऐंशीच्या दशकापासून बागायतीच्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून नव्या इमारतींना विकले जाऊ लागले, विहिरी मचूळ झाल्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'चे आंदोलन उभे राहिले. ते पुढे २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. दरम्यान वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर गेली. जुलै २०१८ च्या पावसात मिठागरांवरची वस्ती पाण्याने वेढली गेली आणि नालासोपाऱ्याला आगगाड्या अडकल्या; ज्या नैसर्गिक वाटांनी पाणी समुद्राला जात होते त्या बुजवल्यावर दुसरे काय होणार होते? तहान भागवण्यासाठी सूर्या प्रकल्पाचे पाणी वळवले गेले. ते धरण बांधताना डहाणू-पालघरच्या आदिवासींच्या शेतीला सिंचन देण्याचे वचन होते. १८९२ साली तानसाचे पाणी असेच मुंबईला गेले आणि जलवाहिनीच्या कडेच्या पाड्यांतल्या बायका हंडा घेऊन चालत राहिल्या. सागवान गेले, कापड गेले, आता पाणी जाते. याचा अर्थ वसईच्या चाळीत राहणारा गिरणीतून बाहेर फेकला गेलेला कामगार आदिवासींचा शत्रू आहे असा मुळीच नव्हे. दोघांना एकमेकांसमोर उभे करून तिसराच मधल्या मध्ये जमीन विकतो, हे दोघांनाही समजावून सांगण्याचे काम उरते.

आणि आता याच किनाऱ्यावर, डहाणूजवळ वाढवण येथे, सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे नवे बंदर बांधायला घेतले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. १९९८ मध्ये येथल्याच बंदराचा प्रस्ताव डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारला होता. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला परवानगी दिली. कोळी, डायमेकर आणि बागायतदार वर्षानुवर्षे विरोध करीत आले आहेत. रोजगार मिळेल हे आश्वासन खोटेच आहे असे समाजवाद्यांनी सरधोपटपणे म्हणू नये. बंदरांनी माणसे पोसली आहेत, उषवदाताच्या फुकट नावाही बंदरांच्याच वाटेवर होत्या. परंतु नोकरी कोणाला, किती दिवसांची, कंत्राटदाराच्या हाताखाली की कायम, भराव टाकल्यावर मासेमारीचा पट्टा गमावणाऱ्या कुटुंबाच्या हाती पैशाखेरीज काय, आणि मागच्या मुलखातला दगड, मुरूम व पाणी कोणत्या गावांतून जाणार, हे प्रश्न अंबाडीच्या खाणी-खडीच्या पट्ट्यातही विचारावे लागतील. ते एकट्या वाढवणच्या कोळ्यांचे प्रश्न नाहीत.

सहल काढायची तर पावसाळा संपल्यावर काढावी. सकाळी आधी सोपाऱ्याचा स्तूप, दुपारी किल्ला, आणि समुद्राचा दरवाजा ओहोटीच्या वेळी, म्हणजे बंदरात किती गाळ भरला आहे ते डोळ्यांना दिसेल. कोळीवाड्यातल्या होड्या परत येण्याची वेळ भरतीवर ठरते. ती आदल्या दिवशी तेथल्या मच्छीमारांकडे विचारून घ्यावी, आणि निदान दोन तास त्यांच्यासाठी मोकळे ठेवावेत.